डॉ. होमी भाभा आणि सावधतेचा धडा

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष सहसा त्यांच्या विजयांकडे जाते. ते विजय मिळविताना त्यांनी कोणती काळजी घेतली, कोणत्या संकटाची चाहूल त्यांस आधी लागली आणि कोणते काम त्यांच्या हातून अपुरे राहिले, याकडे आपण क्वचितच वळून पाहतो. वस्तुतः विद्यार्थ्यांस उपयोगी पडणारा बोध बहुधा या दुसऱ्या भागातच असतो. म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र आम्ही या अंकात वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांची कीर्ती सर्वांस ठाऊकच आहे. परंतु अणूसारख्या उग्र शक्तीशी मनुष्याने कसे वागावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात आरंभापासून अखेरपर्यंत गुंफलेला आहे आणि त्याचाच विचार येथे मुख्यत्वे करावयाचा आहे.

हा प्रश्न आम्हा डोंगरीच्या लोकांस परका नाही. आमच्या टेकडीपासून दक्षिणेकडे सुमारे ३३ किलोमीटरवर तुर्भे ऊर्फ ट्रॉम्बे हे स्थान आहे. तेथे हिंदुस्थानातील पहिली अणुभट्टी उभी राहिली. उत्तरेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने गेल्यास सुमारे ६० किलोमीटरवर तारापूर लागते. तेथे देशातील पहिले अणुवीजकेंद्र उभारले गेले. ही दोन्ही स्थाने ज्यांनी निवडली व वसविली त्या पुरुषाच्या कार्याच्या अगदी मध्यभागी आपण राहत आहो. ज्या समुद्रावर आपल्या होड्या जातात, त्याच समुद्राचे पाणी तारापूरच्या यंत्रांस थंड ठेवण्याकरिता योजिले गेले.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर भाभा हे विलायतेस शिकून आलेले बॅरिस्टर होते. आत्याबाई मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत. त्यामुळे मोठमोठे कारखाने, वीजनिर्मितीच्या योजना व राष्ट्रोन्नतीचे बेत यांची चर्चा या बालकाच्या कानी लहानपणापासूनच पडत असे. त्यांचे शालेय शिक्षण कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेत व पुढील शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे झाले. घरात ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, आणि चित्रकलेचा नाद तर त्यांस जन्मभर पुरला.

१९२७ साली ते केंब्रिज येथे गेले. त्यांनी यंत्रशास्त्र शिकून परतावे व जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू व्हावे, अशी घरच्या वडील मंडळींची इच्छा होती. होमींचे मन मात्र पदार्थविज्ञानात रमले. त्यांनी आपला मनोदय वडिलांस पत्राने कळविला. वडील रागावले नाहीत. यंत्रशास्त्राची परीक्षा आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावी, मग आवडीचा विषय शिकण्यास आपण पैसे देऊ, अशी अट त्यांनी घातली. १९३० साली पुत्राने ती अट पुरी केली आणि पित्याने आपला शब्द पाळला. आमच्या वाचकांतील आईबापांनी व मुलांनी दोघांनीही हा प्रसंग ध्यानी ठेवावा. मुलाने हट्ट धरला, पण अंगीकारलेले काम टाकून दिले नाही. पुढे हेच यंत्रशास्त्राचे ज्ञान अणुभट्ट्या बांधताना त्यांस अमोल ठरले.

केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्या काळी अणुविज्ञानाचे तीर्थक्षेत्रच होती. १९३२ साली तेथेच चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला, आणि कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी कृत्रिम वेग दिलेल्या कणांनी अणुगर्भ फोडून दाखविला. अशा मंडळींच्या सहवासात भाभा यांची बुद्धी फुलली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीविषयीचे त्यांचे गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ साली हाइटलर यांच्या सहकार्याने त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची मीमांसा मांडली.

१९३९ साली ते सुट्टीकरिता स्वदेशी आले असता युरोपात महायुद्ध पेटले व परतीचा मार्ग खुंटला. तेव्हा बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यापाशी ते काम करू लागले. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासदत्व दिले. विलायतेतील मोठी जागा मिळविणे त्यांस कठीण नव्हते. परंतु आपल्या देशातच उत्तम विज्ञान घडावे हा विचार त्यांच्या मनात याच काळी दृढ झाला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या विश्वस्त निधीस पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची कल्पना मांडली. अणूपासून वीज काढण्याचा काळ येईल तेव्हा हिंदुस्थानास तज्ज्ञांकरिता परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्यास तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ साली सरकारने अणुशक्ती आयोग नेमला व त्याचे अध्यक्षपद भाभांकडे आले.

येथे क्षणभर थांबून, ज्या शक्तीशी भाभांस व्यवहार करावयाचा होता तिचे स्वरूप पाहू. युरेनियमच्या अणूचा गर्भ फुटला म्हणजे उष्णता निर्माण होते व न्यूट्रॉन बाहेर पडतात; ते दुसरे गर्भ फोडतात, आणि अशी साखळी चालू राहते. ही साखळी आवरून धरणे हे अणुभट्टीचे पहिले काम होय. दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. साखळी थांबविली तरी उष्णता लगेच थांबत नाही. चूल विझविल्यावर निखारे जसे बराच वेळ धगधगत राहतात, तसे फुटलेल्या अणूंचे अवशेष तापतच राहतात. म्हणून भट्टी बंद केल्यावरही तिला पाणी द्यावे लागते. तिसरे काम किरणोत्सर्ग कोंडून ठेवण्याचे. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, त्यांस वास नाही, त्यांचा स्पर्श कळत नाही. आणि त्यांची बाधा कधीकधी वर्षांनंतर प्रकट होते.

ही बाधा जगाने मोठी किंमत देऊन ओळखली. रेडियमचा शोध लावणाऱ्या मादाम क्यूरी १९३४ साली रक्ताच्या विकाराने वारल्या. अनेक वर्षे अंगावर घेतलेले किरणच त्यास कारण झाले असावेत, असे मानले जाते. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या अमेरिकेतील कामकरी मुली कुंचल्यास टोक आणण्याकरिता तो ओठांत धरीत, आणि त्यांतील कित्येकींचे जबडे सडून त्या मृत्यू पावल्या. १९४६ साली लॉस अलामॉस येथे लुई स्लोटिन या शास्त्रज्ञाच्या हातातील पेचकस निसटला, प्लुटोनियमच्या गोळ्यावर बेरिलियमचे झाकण पडले व नऊ दिवसांत त्याचा अंत झाला. या सर्व गोष्टी भाभांच्या हयातीतल्या होत.

तुर्भे येथील अणुशक्ती केंद्र १९५४ साली सुरू झाले. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी पहिली जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान भाभांनी भूषविले. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचार वाजता, तुर्भ्याची पहिली अणुभट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनहून आले होते, पण भट्टीची रचना व बांधणी येथील तरुण शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी केली. पाण्याच्या खोल हौदात ठेवलेल्या इंधनाभोवती निळसर तेज दिसे. त्यावरून पंडित नेहरूंनी तिचे अप्सरा असे नामकरण केले. हे पाणी साखळी चालण्यास साहाय्य करी, उष्णता शोषून घेई आणि वर उभ्या असलेल्या माणसांचे किरणांपासून रक्षणही करी. नवशिक्यांनी आपला आरंभ अशा साध्या व तुलनेने निर्धोक भट्टीपासून करावा, यात भाभांची दूरदृष्टी दिसते.

दुसरी भट्टी मात्र निराळी होती. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ४० मेगावॉटची सायरस ही भट्टी १९६० साली चालू झाली. ती कॅनडातील चॉक रिव्हर येथील भट्टीच्या धर्तीवर बांधलेली होती. आणि त्या मूळ भट्टीस १२ डिसेंबर १९५२ रोजी मोठा अपघात झालेला होता. तळघरातील एका कामगाराने चुकून काही झडपा उघडल्या. पर्यवेक्षक ती चूक सुधारण्यास खाली गेला व तेथून त्याने दूरध्वनीवरून वरच्या साहाय्यकास कळा दाबण्यास सांगितले. त्यास म्हणावयाचे होते चार व तीन. तोंडातून निघाले चार व एक. चूक लक्षात येईपर्यंत साहाय्यक यंत्र खाली ठेवून कळ दाबावयास गेलेला होता. काही क्षणांतच भट्टीची शक्ती भलतीच वाढली, इंधन वितळले व तळघरात लाखो लिटर दूषित पाणी साचले. सुदैवाने कोणी मेले नाही. पण भट्टी पुन्हा चालू होण्यास सुमारे चौदा महिने लागले. एका आकड्याची ही किंमत होती.

१९५७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातील विंडस्केल येथील भट्टीस आग लागली. आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटर प्रदेशातील गाईंचे दूध कित्येक दिवस ओतून द्यावे लागले. तेथील उंच धुराड्यांवर कॉक्रॉफ्ट यांनी आग्रहाने गाळण्या बसवून घेतल्या होत्या. हा खर्च व्यर्थ आहे म्हणून लोक त्यांची थट्टा करीत. आगीच्या दिवशी त्याच गाळण्यांनी विषाचा बराच भाग अडविला व थट्टा करणारे मुकाट झाले. हे कॉक्रॉफ्ट म्हणजे भाभांच्या केंब्रिजमधील प्रयोगशाळेतलेच संशोधक होत.

अशा जगात १९६० साली भाभांनी आपल्या केंद्रातील सर्वांकरिता एक लेखी आज्ञा काढली. किरणोत्सर्गी पदार्थ अशा रीतीने हाताळावेत की, कामगारांस किंवा इतर कोणासही इजा होऊ नये. आणि तेवढ्यावरच न थांबता, देशातील इतर संस्थांनी कित्ता म्हणून गिरवावा इतके आपले वर्तन आदर्श असावे, असा तिचा भावार्थ आहे. आमच्या मते भाभांच्या चरित्रातील हे सर्वांत मोलाचे पान होय. अपघात टळला म्हणजे पुरे, असे ते म्हणत नाहीत. सावधता ही नियमाच्या भीतीने पाळावयाची वस्तू नसून ती कामाच्या उत्तमतेचाच एक अंश आहे, असे ते मानतात.

ही आज्ञा कागदावर राहिली नाही. डॉ. अनिल कुमार गांगुली यांच्या नेतृत्वाखाली किरणोत्सर्गापासून रक्षण करणारा एक स्वतंत्र विभाग तुर्भे येथे वाढला. प्रत्येक कामगाराच्या छातीवर एक लहान बिल्ला असे व त्यातील फिल्मवरून त्याच्या अंगावर किती किरण पडले ते मोजले जाई. मुंबईच्या खाडीतील पाणी, चिखल व मासळी यांची तपासणी होऊ लागली. कारण खाडीत सोडलेले सांडपाणी मासळीच्या द्वारा कोणाच्या ताटात किती जाते, हे कळल्यावाचून ते सोडण्याची मर्यादा ठरविता येत नाही. बोंबील व कोळंबी यांवर ज्यांचे घर चालते, त्या आमच्या वाचकांस या तपासणीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

तारापूरच्या केंद्राकरिता अमेरिकेशी १९६३ साली करार झाला व २८ ऑक्टोबर १९६९ पासून तेथून वीज मिळू लागली. ते पाहण्यास भाभा हयात नव्हते. या वैभवास दुसरी बाजूही आहे. पुढे तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीकरिता पोफरण व अक्करपट्टी येथील लोकांस आपली घरे सोडावी लागली. किनारा हेच ज्यांचे शेत, त्यांस किनाऱ्यापासून दूर जाणे किती जड पडते, हे आपण जाणतोच. विजेचा दिवा लावताना त्या घरांचे स्मरण आपणांस असावे.

भाभा कामात कठोर, पण रसिक होते. ते अविवाहित राहिले. कुलाब्यास संस्थेची इमारत बांधताना भिंतीवर कोणते चित्र असावे व बागेत कोणते झाड असावे, हे ते स्वतः पाहत. बांधकामाच्या आड येणारे वृक्ष तोडण्याऐवजी ते मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा कटाक्ष असे. जो मनुष्य एका झाडाविषयी इतका दक्ष, तो माणसांच्या जिवाविषयी निष्काळजी कसा असेल?

तथापि चरित्रकाराने स्तुतिपाठक होऊ नये. आयोगाचे अध्यक्ष, सरकारी खात्याचे सचिव व तुर्भे केंद्राचे संचालक ही तिन्ही पदे भाभांपाशी एकवटली होती. त्यामुळे कामास वेग आला हे खरे. पण काम करणारा व ते तपासणारा हे एकाच छत्राखाली राहिले. त्यात अणुशक्तीच्या कायद्याने पुष्कळसा व्यवहार गुप्ततेच्या पडद्याआड गेला. गुप्ततेचा दोष काय असतो, ते रशियातील एका घटनेवरून कळते. १९५७ साली तेथे किश्तिमजवळ किरणोत्सर्गी टाकाऊ पदार्थांच्या टाकीचा स्फोट झाला आणि जगास ती वार्ता सुमारे वीस वर्षांनी समजली. तोवर त्या अपघातापासून इतर कोणास काही शिकता आले नाही. आपल्या देशात सुरक्षिततेवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ च्या नोव्हेंबरात, म्हणजे भाभांच्या पश्चात सतरा वर्षांनी, स्थापन झाले. आणि त्यास पुरेसे स्वातंत्र्य नाही, अशी टीका महालेखापरीक्षकांच्या २०१२ सालच्या अहवालाने केली. थोर माणसाच्या सचोटीवर विसंबून राहणे सोपे असते. पण माणूस जातो, आणि मागे व्यवस्था तेवढी उरते.

तो जाण्याचा दिवस अकस्मात आला. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीस भाभा निघाले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी एअर इंडियाचे कांचनजंगा नावाचे विमान जिनिव्हास उतरण्याच्या बेतात असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले व त्यातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभांचे वय तेव्हा ५६ वर्षांचे होते. या अपघाताविषयी नाना तर्क लढविले गेले. परंतु चौकशी मंडळाचा निर्णय साधा, आणि म्हणूनच अधिक हृदयद्रावक आहे. विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक नादुरुस्त होते. पर्वत मागे पडला, असा वैमानिकाचा समज झाला. जमिनीवरील नियंत्रकाने रडारवर खरी जागा पाहिली व तसे कळविलेही. पण त्याचे शब्द पुरेसे नेमके नसल्यामुळे वैमानिकाने त्यांचा भलताच अर्थ घेतला व विमान खाली आणणे चालू ठेवले.

चॉक रिव्हर येथे एक आकडा चुकला. माँ ब्लाँवर एक वाक्य संदिग्ध राहिले. ज्याने आयुष्यभर नेमकेपणाची उपासना केली, त्याचा अंत अशा एका अनेमक्या वाक्याने व्हावा, हा दैवाचा केवढा दुर्विलास! १९६७ साली तुर्भे येथील केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या मागून झालेले अपघातही हेच शिकवितात. १९७९ साली अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे एक झडप उघडीच राहिली होती, पण तक्त्यावरील दिव्यावरून ती मिटली असे कर्मचाऱ्यांस वाटले व त्यांनी भट्टीचे पाणी कमी केले. १९८६ साली चेर्नोबिल येथे एका प्रयोगाकरिता रक्षणाची साधनेच बंद ठेवली गेली आणि लाखावर लोकांस गावे सोडावी लागली. २०११ साली जपानातील फुकुशिमा येथे भूकंपानंतर भट्ट्या बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीच्या लाटांनी सखल जागी ठेवलेली वीजयंत्रे बुडविली, पाणी देणारे पंप थांबले, आणि निखाऱ्यांनी घर जाळावे तसे झाले. उलट १९९३ साली नरोरा येथे आग लागून सर्व वीज गेली असता, तेथील कर्मचारी विजेऱ्या घेऊन अंधारात वर चढले व त्यांनी साखळी रोखणारे द्रावण स्वहस्ते भट्टीत सोडले. त्या दिवशी किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या माणसांची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत. पण भाभांच्या आज्ञेचा अर्थ त्यांनी कृतीने सांगितला.

विद्यार्थी मित्रहो, अणुभट्टी चालविण्याचा प्रसंग तुमच्यापैकी फार थोड्यांवर येईल. परंतु २०१० साली दिल्लीत एका शिक्षणसंस्थेने न पाहता भंगारात विकलेल्या जुन्या यंत्रातील कोबाल्टमुळे भंगाराच्या दुकानातील एक मनुष्य प्राणास मुकला, हे विसरू नका. प्रयोगशाळेतील बाटलीवरील चिठ्ठी वाचणे, सांगितलेली गोष्ट आपणास नीट समजली की नाही हे पुन्हा विचारून घेणे, चूक झाल्यास ती न लपविता त्याच क्षणी सांगणे, हे शाळेतच शिकावयाचे धडे आहेत. आपला तांडेल आकाश निरभ्र असतानाही होडीचा तळ तपासून मगच ती समुद्रात लोटतो. त्यास कोणी भित्रा म्हणत नाही. देवाने मनुष्यास जी शक्ती विश्वासाने सोपविली आहे, तिचा हिशेब एके दिवशी द्यावयाचा आहे, असे आपण मानतो. तो हिशेब स्वच्छ राहावा म्हणून भाभांची बुद्धी सर्वांस लाभणार नाही हे खरे. पण त्यांची दक्षता अंगी बाणविणे आपणांपैकी प्रत्येकास शक्य आहे.